फवारणीच्या हंगामात लेकरांना विषापासून कसं जपायचं

पऱ्हाटी (कपाशी) कमरेच्या वर गेली की विदर्भात फवारणीला जोर येतो. आधी तुडतुडे, मग पांढरी माशी, मग बोंडअळी. जुलै ते ऑक्टोबर या चार महिन्यांत घरात तीन-चार कीटकनाशकं, एखादं तणनाशक, पंपाचं पेट्रोल आणि बहुतेक वेळा उंदराचं औषधही येऊन पडतं. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. त्यानंतर मास्क, हातमोजे, चष्मा यांवर बरंच बोललं गेलं. फवारणाऱ्याच्या घरातल्या लेकराबद्दल मात्र फारसं कोणी बोलत नाही.

साठ किलोच्या माणसाच्या पोटात जेवढं विष गेलं तेवढंच दहा किलोच्या पोराच्या पोटात गेलं, तर वजनाच्या हिशेबानं त्याला ते सहापट पडतं. त्यात पोर रांगतं, हात तोंडात घालतं, बाटली दिसली की टोपण फिरवून बघतं. ‘पोरांवर लक्ष ठेवा’ हा सल्ला म्हणूनच पुरत नाही. हंगामात आई निंदणाला, बाप फवारणीला आणि घरी आजी एकटी असते. लक्ष चुकणारच. ते चुकलं तरी पोराचा हात विषापर्यंत पोचू नये, अशी मांडणी आधीच करून ठेवावी लागते.

दुकानातून घरी

कृषी केंद्रात जाण्याआधी हिशेब करा. समजा दोन एकर कपाशी आहे, पाठीवरच्या 15 लिटरच्या पंपानं एकरी दहा पंप लागतात आणि लेबलवर लिटरला 2 मिली प्रमाण आहे. म्हणजे पंपाला 30 मिली, वीस पंपांना 600 मिली. अशा वेळी एक लिटरची बाटली स्वस्त पडते म्हणून घेतली, तर उरलेले 400 मिली पुढच्या वर्षापर्यंत घरात राहतात. 500 आणि 100 मिलीचे डबे घ्या. थोडे पैसे जास्त जातील, पण फवारणी संपेल तेव्हा घरात काही उरणार नाही. पेट्रोलच्या पंपाला एकरी पाणी कमी लागतं, त्यामुळे लिटरचं प्रमाण तसंच्या तसं चालत नाही. त्याचं एकरी प्रमाण कृषी सहायकाला विचारून घ्या.

बाटली सीलबंद, लेबल शाबूत आणि सोबत मराठी माहितीपत्रक असलं पाहिजे. पक्कं बिल घ्या. सुटं, ओतून दिलेलं औषध कितीही ओळखीच्या दुकानदारानं दिलं तरी घेऊ नका. लेबलवरचा त्रिकोण बघा: लाल म्हणजे अतितीव्र विष, पिवळा त्याच्या खालोखाल, मग निळा, मग हिरवा. या रंगांवर एका मर्यादेपर्यंतच विसंबा. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांना किती मात्रा घातक ठरते त्यावरून ते ठरलेले असतात. हिरवा त्रिकोण म्हणजे पोराच्या हाती लागलं तरी चालेल, असं नाही. तणनाशकाचंही तेच. ‘ते तर गवताचं औषध’ म्हणून ते ओट्याखाली ठेवलं जातं. पॅराक्वाट हे तणनाशक एका घोटात धडधाकट माणसाचा जीव घेऊ शकतं, आणि त्यावर उतारा नाही.

मूळ बाटली सोडून दुसरीकडे कुठेच नाही

सगळ्या नियमांत हा पहिला. शेजाऱ्याला ‘एका पंपापुरतं’ द्यायचं म्हणून औषध कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओतलं जातं. पेट्रोलच्या पंपासाठी ऑइल मिसळलेलं पेट्रोल पाण्याच्या बाटलीत भरलं जातं. पोराला बाटलीच्या आकारावरून आत काय आहे ते कळतं, लेबलवरून नाही. तहानलेलं पोर शेतातून येतं आणि तोंड लावतं.

उलटी चूकही तेवढीच घातक: विषाचं रिकामं भांडं धुऊन खाण्याच्या वस्तूंसाठी वापरणं. 16 जुलै 2013 रोजी बिहारमधल्या सारण जिल्ह्यात गंडामन गावच्या शाळेत मध्यान्ह भोजन खाऊन 23 मुलं मेली. तपासणीत तेलात मोनोक्रोटोफॉस सापडलं. पूर्वी हे कीटकनाशक ठेवलेल्या डब्यात स्वयंपाकाचं तेल भरलं गेलं होतं, असं समोर आलं. हेच मोनोक्रोटोफॉस आपल्याकडे कपाशीवर वर्षानुवर्षं मारलं गेलं आहे. प्लॅस्टिकच्या डब्याच्या भिंतीत हे विष मुरतं. साबण, राख, गरम पाणी, काहीही वापरलं तरी तो डबा खाण्यापिण्याच्या कामाचा होत नाही. पाच लिटरचा कॅन कितीही चांगला दिसला तरी त्यात रॉकेल नको, तेल नको, गुरांचं पाणीही नको.

पेटी

औषध आढ्याला पिशवीत टांगून ठेवणं किंवा कोठ्यात ढेपेच्या पोत्यामागे सरकवणं म्हणजे साठवण नव्हे. जुनी पत्र्याची पेटी चालते. तिला कडी आणि कुलूप लावा. पेटी राहत्या खोलीत, स्वयंपाकघरात किंवा धान्याच्या खोलीत नको. बाहेरच्या भिंतीला, जमिनीपासून पाच फुटांवर, लोखंडी ब्रॅकेटवर पक्की बसवा. वर ऊन-पाऊस लागणार नाही असा पत्रा टाका. आत तळाला जुनं घमेलं ठेवा आणि त्यात चार बोटं कोरडी वाळू घाला. बाटली गळली तर थेंब वाळूत जिरतो, भिंतीवरून खाली ओघळत नाही. बाटल्या उभ्याच ठेवा. मोजमापाचा पेला, हातमोजे, ढवळायची काठी हे सगळं त्याच पेटीत. बी-बियाणं आणि खाण्याचं काही त्यात नको.

किल्ली एकाच मोठ्या माणसाकडे, कमरेला किंवा खिशात. दाराच्या खिळ्याला टांगलेल्या किल्लीचं कुलूप आठ वर्षांचं पोरही उघडतं.

मापासाठी घरातला चमचा, चहाचा कप, गडू घेऊ नका. दहा-वीस रुपयांचा खुणांचा प्लॅस्टिक पेला वेगळा घ्या. फवारणीच्या बादलीवर आणि ड्रमवर लाल ऑइलपेंटनं मोठी फुली मारा, कडेला नाही, दोन्ही बाजूंना ठळक. ‘लाल फुली म्हणजे हात लावायचा नाही’ हे तीन वर्षांचं पोर शिकतं, वाचता येत नसलं तरी.

शेतातला दिवस

फवारणीत पोरांचा सगळ्यात मोठा वाटा असतो तो पाणी आणण्याचा. शाळा सुटल्यावर विहिरीवरून कॅन भरून धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) ड्रमपर्यंत आणून द्यायचे, मधून मधून काठीनं ढवळायचं. हे काम पोरांचं नाही. औषध ओतताना उडणारे शिंतोडे पंपातल्या द्रावणापेक्षा कितीतरी पटींनी तीव्र असतात, कारण त्यात अजून पाणी मिसळलेलं नसतं. ढवळणारं पोर ड्रमच्या काठाच्या उंचीचं असतं, त्यामुळे उडालेला थेंब थेट तोंडा-डोळ्यांवर येतो. पाणी भरून ठेवायचं तर फवारणीच्या आदल्या संध्याकाळी भरा आणि ड्रम झाका. द्रावण तयार करण्याची जागा विहीर, हातपंप, नाला यांपासून लांब, वाऱ्याकडे पाठ करून.

न्याहारी घेऊन पोराला शेतात पाठवू नका. फवारणारा हात-तोंड साबणानं धुऊन धुऱ्याबाहेर येऊन जेवेल. त्याच्या पिण्याच्या पाण्याची बाटली झाडाला उंच टांगा, औषधाच्या पिशवीत नाही. नोझल तुंबलं तर तोंडानं फुंकू नका. जुना दात घासायचा ब्रश जवळ असू द्या. बापाला फुंकताना पाहून पोरगं तेच करतं.

फवारलेल्या शेतात पोरांनी किती वेळ जायचं नाही हे माहितीपत्रकात दिलं असेल तर तेच पाळा. दिलं नसेल तर किमान दोन दिवस. पानं कोरडी दिसली तरी त्यावरचं विष अंगाला लागतं, आणि पऱ्हाटी उंच झाल्यावर ओळींतून धावणाऱ्या पोराचं अख्खं अंग पानांना घासतं. दोरीला लाल फडकं बांधून धुऱ्यावर लावा. गावात शेळ्या वळणारी पोरं असतात, त्यांना तुमच्या फवारणीचा दिवस ठाऊक नसतो.

आता एक गोष्ट, जिच्याकडे फार कमी लक्ष जातं. कपाशीच्या ओळींत आणि काठाला घरच्या भाजीसाठी चवळी, भेंडी, अंबाडी टोकलेली असते. पंप मारणारा ती चुकवत नाही, चुकवताही येत नाही. दोन दिवसांनी घरातली बाई तीच भाजी खुडून आणते, कारण कोणतं औषध कधी मारलं हे तिला कोणी सांगितलेलं नसतं. लेबलवर फवारणी ते काढणी यांत किती दिवस थांबायचं ते लिहिलेलं असतं, पण ते कपाशीचं असतं. मोनोक्रोटोफॉसला तर भाजीपाल्यावर 2005 पासून बंदी आहे, म्हणजे भाजीवर ते मारायचंच नाही. धुऊन, उकळून हा प्रश्न सुटत नाही, कारण काही औषधं झाडाच्या आत भिनतात. घरची भाजी परसात घ्या, सांडपाण्याच्या वाफ्यावर नीट येते. कपाशीत लावलेली असेल तर त्या हंगामापुरती ती खाण्याची नाही असं ठरवा.

कपडे

फवारणी करून आलेल्या बापाच्या अंगाला पोर धावत येऊन बिलगतं. त्याआधी त्यानं कपडे बदललेले असले पाहिजेत. शेतात किंवा अंगणाच्या कडेला आडोसा करा, तिथेच आंघोळ, डोक्यावरून साबण लावून, नखं घासून. वापरलेले कपडे झाकणाच्या वेगळ्या बादलीत टाका. त्या दिवशीचे कपडे त्याच दिवशी धुवा, घरातल्या इतर कपड्यांत मिसळू नका. धुणाऱ्या बाईनं रबरी हातमोजे घालावेत. आधी नुसत्या पाण्यात खळबळून, मग धुण्याच्या पावडरीत दोनदा, मग कडक उन्हात. हे पाणी नदी-नाल्यात किंवा हातपंपापाशी सोडू नका. हे काम मुलींवर टाकू नका, गरोदर बाईवर तर अजिबात नको. द्रावणात भिजलेला सदरा धुऊन परत वापरण्यापेक्षा टाकून दिलेला बरा. चपला आणि पंप घराबाहेर. बैलबंडीत पंप ठेवला असेल तर तिच्यावर पोरांना बसवण्याआधी फळ्या धुवा.

रिकाम्या बाटल्या

बाटली रिकामी झाली की लगेच, वाळू न देता, तीनदा खळबळा. पाव बाटली स्वच्छ पाणी, टोपण घट्ट, अर्धा मिनिट जोरात हलवून ते पाणी पंपातच ओता. असं तीन वेळा. औषधाचा शेवटचा थेंबही वापरला जातो आणि बाटलीत उरणारं विष खूप कमी होतं. मग तळाला खिळ्यानं दोन-तीन भोकं पाडा, म्हणजे पुन्हा कोणी काही भरणार नाही. कीटकनाशक नियम 1971 प्रमाणे अशी वेष्टनं मोडून वस्तीपासून दूर पुरायची असतात. जागा पाणी साचणारी, विहिरीजवळची नको. जाळू नका, धूरही विषारी असतो. धुऱ्यावर फेकलेली टोपणं आणि रंगीत पुड्या पोरांच्या भातुकलीत येतात, त्या दिसतील तशा उचला. भंगारवाल्याला हे कॅन विकणं म्हणजे कुणाच्या तरी घरी तेलाचा डबा पाठवणं.

घरातलं बाकीचं विष

उंदरासाठी पिवळ्या फॉस्फरसचं मलम भाकरीला, टोमॅटोला, लाडवाला लावून कोपऱ्यात ठेवतात. पोराला तो खाऊ वाटतो. याचा धोका असा की सुरुवातीला उलट्या होतात, मग पोर एक-दोन दिवस बरं दिसतं, आणि त्यानंतर यकृत निकामी होऊ लागतं. ‘आता खेळतंय’ म्हणून घरी ठेवू नका. लहान पोरं असलेल्या घरात पिंजरा वापरा.

धान्यात टाकायच्या सल्फासच्या गोळ्या, म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाईड, सामान्य गिऱ्हाइकाला विकायला परवानगी नाही, तरी मिळतात. हवेतल्या ओलाव्यानं त्यातून फॉस्फिन वायू निघतो. तुरीच्या कट्ट्यांत गोळ्या आणि त्याच खोलीत रात्री लेकरं झोपलेली, दारं बंद. सकाळी सगळ्या घराला एकदम उलट्या सुरू झाल्या की शिळ्या अन्नावर संशय जातो. लसणासारखा किंवा सडक्या माशासारखा वास आला तर आधी सगळ्यांना उघड्यावर काढा. यावरही उतारा नाही. धान्य कडक उन्हात वाळवून हवाबंद कोठीत भरलं तर गोळीची गरज पडत नाही.

पेरणीतून उरलेलं रंग लावलेलं बियाणं, विशेषतः थायरम (बुरशीनाशक) लावलेले भुईमुगाचे दाणे, धुऊन खाऊ नका, कोंबड्यांनाही घालू नका. कुंपणाच्या चंद्रज्योतीच्या बिया पोरं शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून खातात आणि अख्खा घोळका उलट्या-जुलाबांनी दवाखान्यात येतो. शाळेच्या, अंगणवाडीच्या कुंपणाला ती असेल तर काढून टाका. धोतरा आणि पिवळी कण्हेरही.

बाधा झाली तर

कपाशीवरच्या बऱ्याच औषधांची (मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस) खूण सारखी असते: तोंडातून लाळ, डोळ्यांतून पाणी, घाम, उलट्या, जुलाब, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी बारीक, अंगावरचे स्नायू फडफडणं, छातीत घरघर. उन्हाचा त्रास किंवा हगवण समजून वेळ जातो. अशा पोराच्या बाहुल्या उजेडातून सावलीत आणून बघा. सावलीतही बारीकच राहिल्या तर फवारणीचं विष धरून चला. बाहुल्या बारीक नसल्या म्हणून विष नाही असं मात्र समजू नका.

आधी 108 ला फोन, किंवा मिळेल ती गाडी. गाडी येईपर्यंत हे करा:

हातात मोजे किंवा प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवा, नाहीतर तुम्हालाही लागेल. पोराचे सगळे कपडे काढा, करदोटा आणि ताईतसुद्धा. साबण आणि भरपूर पाण्यानं केस, कानामागं, मान, बेंबी, जांघा, नखं धुवा. खरडू नका. डोळ्यात गेलं असेल तर तो डोळा खालच्या बाजूला येईल असं डोकं कलतं करून पंधरा-वीस मिनिटं स्वच्छ पाण्याची धार सोडा. डाव्या कुशीवर झोपवा. श्वासाला त्रास असेल तर धुणं पूर्ण होण्याची वाट न पाहता निघा. श्वास थांबला तर छातीच्या मध्यभागी तळहातानं मिनिटाला 100 ते 120 दाब द्या, छाती जाडीच्या एक तृतीयांश दबेल एवढे.

उलटी करवू नका. मिठाचं पाणी, दूध, तूप, अंडं, चिंचेचं पाणी, काहीही पाजू नका. मिठाच्या पाण्यानं लहान पोराच्या रक्तातलं मीठ वाढून तेच जिवावर बेतू शकतं. अर्धवट शुद्धीतल्या पोराची उलटी फुप्फुसात जाते. रॉकेल-पेट्रोल प्यायलेल्या पोराला उलटी करवली तर खरं नुकसान तिथेच होतं. पोटापेक्षा फुप्फुसात गेलेलं रॉकेल घातक. अशा पोराला खोकला नसला तरी दवाखान्यात काही तास देखरेखीखाली ठेवावं लागतं.

औषधाची बाटली पिशवीत गुंडाळून सोबत न्या. डॉक्टरांना तीन गोष्टी सांगा: लेबलवरचं रासायनिक नाव, किती वाजता, अंदाजे किती. एका बाटलीत दोन औषधं असतात (प्रोफेनोफॉस 40 टक्के आणि सायपरमेथ्रीन 4 टक्के हे नेहमीचं), शिवाय पंपात आणखी काही मिसळलं असेल तर तेही सांगा. लपवू नका. ॲट्रोपिनचं इंजेक्शन काही विषांवर चालतं, सगळ्यांवर नाही, म्हणून नाव लागतं. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा 1800 116 117 हा निःशुल्क क्रमांक चोवीस तास चालू असतो. डॉक्टरांनाही तो देता येतो.

पोर दुसऱ्या दिवशी उठून बसलं की घरी न्यायची घाई होते. मोनोक्रोटोफॉससारख्या या औषधांच्या बाधेत एक ते चार दिवसांनी पुन्हा अशक्तपणा येऊ शकतो: मान उचलता येत नाही, श्वास उथळ होतो. डॉक्टर सोडत नाहीत तोवर थांबा.

गावानं जूनमध्ये करायचं

प्राथमिक आरोग्य केंद्रात ॲट्रोपिनचा साठा, ऑक्सिजन आणि रात्रीचा डॉक्टर आहे का, हे पेरणीआधीच्या ग्रामसभेत विचारा आणि उत्तर कार्यवृत्तात लिहून घ्या. नसेल तर जवळचं कोणतं रुग्णालय, तिथे जायला किती वेळ, रात्री गाडी कोण देईल, हे आशाताई आणि पोलीस पाटलांनी मिळून ठरवावं. गाडीवाल्याचा नंबर, 108 आणि 1800 116 117 अंगणवाडीच्या बाहेरच्या भिंतीवर ऑइलपेंटनं लिहा. कागद पहिल्या पावसात जातो.

शाळेला लागून शेत असेल तर मुख्याध्यापक आणि शेतकऱ्यांनी बसून ठरवा: त्या दोन-तीन पट्ट्यांची फवारणी रविवारी, किंवा शाळा सुटल्यावर. वारा शाळेकडे असेल तर त्या दिवशी नाही. पोषण आहाराचं तेल सीलबंद पुड्यातच आलं पाहिजे आणि मूळ पुड्यातूनच कढईत पडलं पाहिजे. मुलांना वाढण्याआधी शिक्षकानं अन्न चाखायचं असतं, ते खरोखर चाखा. गंडामनच्या शाळेत तेलाच्या वासाबद्दल स्वयंपाकिणीनं शंका बोलून दाखवली होती, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं. तुमच्या शाळेतली बाई ‘वास वेगळा येतोय’ म्हणाली तर त्या दिवशी चूल विझवा, मुलांना घरी जेवायला पाठवा आणि तेलाचा पुडा तपासणीसाठी बाजूला ठेवा.